वेशीबाहेरची वाट

मेक्सिकोच्या चिवावा राज्यात क्वाउतेमोक शहर सोडून उत्तरेकडे निघालं की मेनोनाइट शेतकऱ्यांची गावं लागतात. सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, जवळच गोठे, मागे मक्याची शेतं. गावाला तटबंदी नाही, वेशीवर पहारा नाही, शहर हाकेच्या अंतरावर. बोलिव्हियात सांता क्रूझच्या आसपास, पॅराग्वेच्या चाको प्रदेशात, बेलीझमध्ये याच घडणीच्या वसाहती आहेत आणि तिथेही कुणाला बांधून ठेवलेलं नसतं. म्हणून या परंपरानिष्ठ समाजावर टीका झाली की त्याचे वडीलधारे आणि बाहेरचे पाठीराखे एकच उत्तर देतात: ज्याला राहायचं नाही त्याने जावं, आम्ही कुणाला अडवत नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि शब्दशः खरंही आहे. पण ते पुरेसं नाही. निघायच्या दिवशी दार उघडं असून भागत नाही. बाहेर टिकण्यापुरती भाषा, शिक्षण आणि कागदपत्रं लहानपणापासून हाती आलेली असावी लागतात. हा आग्रह आधुनिक जगाने मेनोनाइटांवर लादलेला आहे असंही नाही, कारण त्याचं मूळ त्यांच्याच श्रद्धेत सापडतं.

ती श्रद्धा समजून घ्यायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं. जानेवारी १५२५ मध्ये झुरिक शहरात काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नाही, श्रद्धा ही जाणत्या माणसाने समजून-उमजून पत्करायची असते, असं त्यांचं म्हणणं होतं. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकमेकांत गुंतलेल्या त्या काळात हे उघड बंड होतं. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं. पुढे १५३६ मध्ये मेनो सिमन्स या डच धर्मगुरूने कॅथलिक चर्च सोडलं आणि विखुरलेल्या अनुयायांना एकत्र बांधलं. त्याच्या नावावरून हे लोक मेनोनाइट झाले. शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, जगापासून वेगळं राहायचं, हे त्यांचे दंडक प्रसिद्ध आहेत. पण या सगळ्याच्या आधी आणि या सगळ्याच्या खाली स्वेच्छेचा आग्रह आहे. जन्माने मिळालेला धर्म हा धर्मच नव्हे, यासाठी त्यांच्या पूर्वजांनी प्राण दिले.

एक खुलासा इथेच करायला हवा. जगात बाप्तिस्मा घेतलेले मेनोनाइट आणि त्यांच्या नात्यातल्या पंथांचे लोक वीस लाखांच्या वर आहेत. त्यांतले बहुसंख्य आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात आणि शेजाऱ्यांसारखंच आयुष्य जगतात. भारतातही ते आहेत. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. आज छत्तीसगडात असलेलं हे गाव तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं. त्यांच्या मंडळ्या तिथे अजून आहेत. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. तो प्रामुख्याने ‘ओल्ड कॉलनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लो जर्मन बोलणाऱ्या वसाहतींबद्दल आणि त्यांच्यासारख्याच इतर परंपरानिष्ठ गटांबद्दल आहे.

या वसाहतींचा इतिहास म्हणजे सोडून जाण्याचाच इतिहास आहे. छळ टाळण्यासाठी हे लोक नेदरलँड्समधून व्हिस्टुला नदीच्या मुखाशी असलेल्या दलदलीच्या प्रदेशात गेले आणि तिथेच त्यांची लो जर्मन बोली, प्लाउटडीच, घडली. रशियाच्या कॅथरीन राणीच्या निमंत्रणावरून १७८९ मध्ये त्यांनी आजच्या युक्रेनमध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा वसाहत वसवली. ‘ओल्ड कॉलनी’ हे नाव या पहिल्या वसाहतीवरून पडलं. रशियाने १८७० च्या दशकात सक्तीची लष्करी सेवा आणली, तेव्हा हजारो जण कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात आणि अमेरिकेत गेले. मॅनिटोबाने १९१६ मध्ये शाळेची हजेरी सक्तीची करून इंग्रजी सरकारी शाळांचा आग्रह धरला, पालकांना दंड केले, काहींना तुरुंगात टाकलं. तेव्हा १९२० च्या दशकात सहा-सात हजार लोक मेक्सिकोला गेले, आणखी काही पॅराग्वेला. पहिली आगगाडी मार्च १९२२ मध्ये निघाली. भाड्याने घेतलेल्या त्या गाड्यांत माणसांबरोबर गुरं होती, नांगर होते, घरातलं सामानसुमान होतं. ब्लूमेनोर्ट, ग्नाडेनथाल अशी गावांची नावंसुद्धा एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली. पुढे मेक्सिकोत ट्रॅक्टरला रबरी टायर आणि घरात वीज येऊ लागली, तेव्हा अधिक कर्मठ कुटुंबं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बोलिव्हियाकडे सरकली.

म्हणजे निरोप घेण्याचा सराव या समाजाइतका क्वचितच कुणाला असेल. मात्र त्यांनी जेव्हा जेव्हा देश सोडला तेव्हा गाव बरोबर नेलं. शाळा, मंडळी, पाळक, सुईण, उधार देणारा शेजारी, सगळं एकाच गाडीत होतं. अनोळखी देशाची भाषा येत नसली तरी चालायचं, कारण त्या देशाशी बोलायला दोन-तीन जाणती माणसं पुरत आणि बाकीच्यांना एकमेकांशी बोलायचं असे. एकट्याने निघणाऱ्या तरुणाला किंवा तरुणीला यातलं काहीही बरोबर नेता येत नाही. सामूहिक स्थलांतराने समाज टिकला, म्हणून एकेकट्याचं जाणंही तितकंच सोपं असेल असं मानणं हीच पहिली चूक आहे.

शाळेकडे बघितलं म्हणजे हे स्पष्ट होतं. कर्मठ वसाहतींत मुलगी साधारण बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलगा तेराव्या वर्षापर्यंत गावच्या शाळेत जातो, तेही वर्षातले सहा-एक महिने, शेतीची कामं सांभाळून. एका खोलीत सगळी मुलं, आणि शिकवणारा गावातलाच, त्याच शाळेत तेवढंच शिकलेला माणूस. पुस्तकं चारच: अंकलिपी, प्रश्नोत्तरी, नवा करार आणि संपूर्ण बायबल. जोडीला थोडं गणित. घरात प्लाउटडीच बोलली जाते, शाळा आणि उपासना मात्र हाय जर्मनमध्ये, जी मुलांना पाठ होते पण नीट समजतेच असं नाही. ज्या देशात मूल जन्मलं त्या देशाची भाषा, भूगोल, कायदा, विज्ञान यांचा शाळेशी संबंध नसतो. पुरुष बाजारहाटाच्या निमित्ताने स्पॅनिश उचलतात. बायकांना तीही संधी नसते. प्लाउटडीच ही बहुतांशी बोलण्याची भाषा राहिली आहे, तिच्यात संपूर्ण बायबल छापून यायला २००३ साल उजाडलं. तेव्हा अठराव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलीजवळ बहुतेकदा अशी एक भाषा असते जी गावाबाहेर चालत नाही आणि अशी एक जी ती फक्त म्हणू शकते. बसचं वेळापत्रक, भाडेकरार, औषधाच्या बाटलीवरची सूचना, नोकरीचा अर्ज, हे सगळं तिच्यासाठी परकीय लिपीत लिहिल्यासारखं आहे.

कागदपत्रांची गोष्ट याहून अवघड आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १९२० च्या दशकात मेक्सिकोला गेलेले लोक कॅनडाचे नागरिक होते, त्यामुळे त्यांच्या वंशजांपैकी अनेकांचा कॅनडावर हक्क पोचत होता. मात्र मेक्सिकोच्या कायद्यात नोंदणी पद्धतीने झालेलं लग्नच ग्राह्य, आणि जुन्या पिढीतल्या अनेक जोडप्यांनी फक्त मंडळीत लग्न केलं होतं. कागदोपत्री ते विवाहित नव्हते, मुलं अनौरस ठरत होती आणि कॅनडाच्या त्या काळच्या नियमाने बापाचं नागरिकत्व अशा मुलाला मिळत नव्हतं. आजोबांच्या लग्नातली ही त्रुटी नातवाच्या अर्जात उगवायची. दुसरा नियम असा, की १९७७ नंतर परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतल्या व्यक्तीने अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी अर्ज करून नागरिकत्व कायम करून घ्यायचं, नाहीतर ते आपोआप संपायचं. २००९ मध्ये हा नियम बदलला, पण तोवर कित्येकांचं नागरिकत्व त्यांच्या नकळत गेलं होतं. अमेरिकेत चित्र निराळं, पण अडचण त्याच जातीची. १९६५ पासून आमिश या भावकीतल्या आणि तशाच काही पंथांच्या स्वयंरोजगारी लोकांना सामाजिक सुरक्षा योजनेतून श्रद्धेच्या कारणाने सूट आहे, कारण म्हातारपणी मंडळी सांभाळते. मंडळी सोडणाऱ्याच्या खात्यावर त्या वर्षांचं काहीच जमा नसतं.

यावर म्हणता येईल, की भाषा शिकता येते, कागद करून घेता येतात, स्थलांतरित लोक जगभर हेच करतात. खरं आहे. पण बहुतेक स्थलांतरितांच्या पाठीशी घर असतं. पहिल्या महिन्याचे पैसे मामा पाठवतो, आजारपणात आई फोनवर असते, सगळं बिनसलं तर परत जाता येतं. मंडळी सोडणाऱ्याची नेमकी हीच बाजू तुटते. मराठी वाचकाला त्यासाठी नवा शब्द शिकायला नको, ‘वाळीत टाकणं’ आपल्याकडे आहेच. मेनोनाइट परंपरेत त्याचे दोन भाग आहेत. ‘बान’ म्हणजे मंडळीतून काढणं आणि ‘मायडुंग’ म्हणजे काढलेल्याशी खाणंपिणं, देवघेव, उठबस तोडणं. बाप्तिस्मा घेतलेल्यालाच बान लागू होतो, म्हणून आधीच निघून गेलेल्याची सुटका थोडी सोपी असते. मात्र ओल्ड कॉलनीत बाप्तिस्मा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. वीस वर्षांच्या आत-बाहेरचा तरुण प्रश्नोत्तरी पाठ करून आजन्म बांधून घेणारं वचन देतो, तेव्हा त्याच्यासमोर श्रद्धेबरोबर लग्न, घर आणि जमीन हे प्रश्नही उभे असतात. स्वेच्छेने घ्यायच्या निर्णयाला इतक्या गोष्टी बांधल्या की त्यातली स्वेच्छा किती उरते, हा प्रश्न १५२५ च्या त्या तरुणांनीच पहिल्यांदा विचारला असता.

वाळीत टाकण्याबद्दल या परंपरेच्या पोटातच वाद झालेला आहे, आणि तो विसरला जाऊ नये असं मला वाटतं. १५५० च्या दशकात एम्डेनमध्ये स्वान रुटगर्स नावाच्या स्त्रीच्या नवऱ्याला मंडळीतून काढलं. नवऱ्याशी संबंध तोड, असं तिला सांगण्यात आलं. तिने नकार दिला. कर्मठ वडीलधाऱ्यांना तिलाही काढायचं होतं, मेनो सिमन्सने सुरुवातीला त्याला विरोध केला आणि पुढे तो कर्मठांच्या बाजूला झुकला. या प्रश्नावर डच मेनोनाइटांत फूट पडली. १६३२ मध्ये डॉर्ड्रेख्ट इथे ठरलेल्या श्रद्धापत्रात बहिष्काराचं कलम आहे, आणि त्याच कलमात असंही म्हटलं आहे, की वाळीत टाकलेला माणूस भुकेला, तहानलेला, आजारी असेल तर त्याला मदत करणं हे आपलं कर्तव्यच आहे. म्हणजे बहिष्काराचा मूळ हेतू माणसाला लाज वाटून त्याने परत यावं हा होता, त्याला उपाशी मारणं हा नव्हे. या कलमाचा उत्तरार्ध जिथे विसरला गेला तिथे श्रद्धेची शिस्त जाऊन शिक्षा उरली.

पैशाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अनेक जुन्या वसाहतींत जमिनीचा मूळ दस्त वसाहतीच्या नावे असतो आणि बाहेरच्याला विकायला मनाई असते. हटराइट या भावकीतल्या पंथात तर खाजगी मालमत्ताच नसते, सगळं वसाहतीचं. १९७० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘होफर विरुद्ध होफर’ हा खटला आला. मॅनिटोबातल्या एका हटराइट वसाहतीतल्या काही जणांनी दुसरा पंथ स्वीकारला, वसाहतीने त्यांना काढलं, आणि त्यांनी आपल्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेतला वाटा मागितला. न्यायालयाने तो नाकारला: सदस्य होताना तुम्ही करार मान्य केला होता, असा त्याचा आधार. न्यायमूर्ती पिजन यांचं मत वेगळं पडलं. धर्मस्वातंत्र्यात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य येतं, आणि बदलणाऱ्याला उघड्यावर टाकणारा करार त्या स्वातंत्र्याच्याच मुळावर येतो, असा त्यांचा रोख होता. मला पिजन यांचं म्हणणं पटतं, आणि मेनोनाइटांच्या एका सुंदर संस्थेमुळे ते अधिकच पटतं. रशियातल्या वसाहतींपासून त्यांच्यात ‘वाइजेनाम्ट’ म्हणजे अनाथांची पेढी चालत आली. घरातलं माणूस गेलं की मालमत्तेचा अर्धा भाग मागे राहिलेल्या जोडीदाराचा, उरलेला मुलांचा, आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा. जगातल्या अनेक कायद्यांनी मुलीला मुलाच्या बरोबरीची वारस मानण्याच्या कितीतरी आधी या शेतकऱ्यांनी ते केलं. ज्या समाजाला पोरक्या मुलाचा वाटा राखून ठेवायचं सुचलं, त्याला निघून जाणाऱ्या मुलाचा वाटा राखणं अशक्य नाही.

महाराष्ट्राचा अनुभव इथे खरोखर उपयोगी आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत विरोधात होतं. पुढे जातपंचायतींच्या जाचाविरुद्धच्या दीर्घ लढ्यातून राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोहरा प्रकरणातला मूळ प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. या सगळ्या उलाढालीतून एक भेद हाती लागतो. बापाने मुलाला जेवायला बसवावं अशी सक्ती कुठलाही कायदा करू शकत नाही, आणि करूही नये. पण दुकान, दवाखाना, विहीर, मजुरी, जमिनीचा व्यवहार, दफनाची जागा यांवर संघटितपणे बंदी घालणं हा श्रद्धेचा भाग मानायचं कारण नाही. घरच्या ताटाचा निर्णय घराचा. पोटापाण्याचा निर्णय मंडळीचा असता कामा नये.

दार उघडं असल्याचा दावा सर्वांत भीषण रीतीने कोसळला तो बोलिव्हियात. तिथल्या मॅनिटोबा वसाहतीत साधारण २००५ ते २००९ या काळात गावातल्याच पुरुषांनी जनावरांना गुंगी आणणारं औषध रात्री घरांत फवारून बायका आणि लहान मुलींवर बलात्कार केले. नोंदल्या गेलेल्या पीडितांची संख्या १३० च्या घरात आहे. सकाळी उठून बायका काही सांगू लागल्या, तेव्हा आधी सैतानाला आणि बायकांच्या कल्पनेला दोष दिला गेला. २०११ मध्ये सांता क्रूझच्या न्यायालयाने सात जणांना २५ वर्षांची, आणि औषध पुरवणाऱ्या पशुवैद्याला त्याहून कमी मुदतीची शिक्षा दिली. साक्ष देताना या बायकांना दुभाषा लागला, कारण जन्मापासून ज्या देशात राहिल्या त्याची भाषा त्यांना येत नव्हती. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइट गावात वाढलेल्या मिरियम टेव्झ यांनी या घटनेवरून ‘विमेन टॉकिंग’ ही कादंबरी २०१८ मध्ये लिहिली, २०२२ मध्ये सारा पॉली यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. कादंबरीतल्या बायका गप्प राहायचं, लढायचं की निघून जायचं यावर चर्चा करतात आणि शेवटी निघतात. प्रत्यक्षातल्या बहुतेक बायका तिथेच राहिल्या. त्यांचा निर्णय चुकला असं बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ‘नको असेल तर जा’ हे वाक्य या बायकांसमोर उच्चारून पाहावं. नकाशा नाही, भाषा नाही, पैसा नाही, आणि कडेवर मूल.

राजकीय विचारवंत चंद्रन कुकथास यांनी १९९२ मध्ये एक मांडणी केली, जिचा आजही आधार घेतला जातो. समूहाने आपल्या सदस्यांना बाहेर पडू दिलं म्हणजे पुरे, आतले नियम कसे आहेत यात राज्याने नाक खुपसू नये, असं तिचं सार. सुसान मोलर ओकिन यांनी त्यावर दाखवून दिलं, की बाहेर पडण्याची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते त्यांच्याकडेच बाहेर पडण्याची साधनं सर्वांत कमी असतात: मुली कमी शिकतात, लवकर लग्न करतात, आणि आपण दुसरं काही होऊ शकतो ही कल्पनाच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मेनोनाइटांच्या बाबतीत ओकिन यांचं म्हणणं अधिक लागू पडतं असं मला वाटतं. पण कुकथास यांच्या बाजूचे आक्षेप बाजूला सारण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप असा, की बहुतेक लोक राहतात आणि समाधानाने राहतात. आमिशांमध्ये ८५ टक्क्यांहून अधिक मुलं मोठी होऊन मंडळीत येतात. आणि त्यांच्याकडे जे आहे ते मौल्यवान आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. आग लागून गोठा जळाला तर शेजारी येऊन नवा उभारतात. म्हातारी माणसं नातवंडांत मरतात. रविवारी दुपारी पाव, मुरंबा आणि कॉफीची ‘फास्पा’ मांडून घराघरांत लोक एकमेकांना भेटतात. युद्धाने पोळलेल्या जगात पाचशे वर्षं बंदूक न उचलणं ही तर अशी कमाई आहे की तिच्यापुढे आपण नतमस्तकच व्हावं. पण राहणाऱ्यांच्या टक्क्यावरून राहण्याची राजीखुशी सिद्ध होत नाही. ज्याला दुसरी भाषा येते, ज्याचे कागद तयार आहेत, आणि तरीही जो राहतो, त्याचं राहणं ही त्या समाजाची खरी शोभा. बाहेर जगताच येणार नाही म्हणून राहिलेल्याची गणती त्याच आकड्यात होते, आणि तो आकडा हा भेद सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक घर मुलाला घडवतंच. आपलं मूल तरी आपला धर्म, भाषा, शाळा कुठे निवडतं? बरोबर, घडवण्याला इलाज नाही, आणि मुलाला आपली श्रद्धा देण्याचा आईबापांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. शिकवलेलं बाहेर कामाला येतं की नाही, एवढंच मी विचारतो आहे. मेनोनाइट घरात वाढलेला मुलगा सुतारकाम, वेल्डिंग, यंत्रदुरुस्ती, गुरांची निगा जाणतो, आणि म्हणूनच बाहेर पडलेल्या मुलग्यांना काम मिळतं. मुलीचं कसबही कमी नसतं, पण शिवण, स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं यांना बाजारात मोल कमी. तिला वाचता येणारी देशभाषा मिळाली असती तर तिची श्रद्धा गेली असती असं मानणं हा तिच्या श्रद्धेचाच अपमान आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो इतिहासाने दिलेला आहे. मॅनिटोबाने सक्ती केली, तिचं फळ काय? जे लोक कॅनडात शेजाऱ्यांबरोबर हळूहळू मिसळले असते, ते चिवावाच्या पठारावर जाऊन अधिक बंद झाले, आणि त्यांच्यातले सर्वांत कर्मठ बोलिव्हियाच्या जंगलापर्यंत पोचले. आज ज्या मुलींना देशभाषा येत नाही त्यांच्या पणज्यांना दंडाच्या पावत्या पाठवणाऱ्या सरकारचा त्यात वाटा आहे. शिवाय ती सक्ती पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाच्या वातावरणात झाली. मुलाच्या भल्यापेक्षा सर्वांना एकाच साच्यात ओतण्याचा हट्ट तिच्यात अधिक होता. शाळा बंद पाडणारं, पालकांना तुरुंगात घालणारं राज्य निघणाऱ्याची वाट सोपी करत नाही, ते गावच उचलून आणखी दूर नेतं.

मग काय करायचं, याचं उत्तर दक्षिण ऑन्टारिओतल्या एल्मर, लेमिंग्टन या गावांत बघायला मिळतं. मेक्सिकोतून लो जर्मन कुटुंबं टोमॅटो आणि काकडीच्या हंगामाला तिथे येऊ लागली, काही राहिली, काही दरवर्षी ये-जा करत राहिली. इतिहासकार रॉयडन लोवेन यांनी या अनेक देशांत पसरलेल्या गावाचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था मुख्यतः मेनोनाइटांच्याच आहेत, पण अधिक मोकळ्या मंडळ्यांच्या. नागरिकत्वाचे अर्ज भरून देणं, प्लाउटडीच बोलणारी व्यक्ती दवाखान्यात बरोबर पाठवणं, आयांसाठी इंग्रजीचे वर्ग घेणं, अशी ही साधी कामं. एल्मरमध्ये प्लाउटडीच कार्यक्रम लावणारं एक रेडिओ केंद्र आहे, त्याचं नाव ‘दे ब्रिग्य’, म्हणजे पूल. १९७७ पासून ‘डी मेनोनिटिशे पोस्ट’ हे जर्मन वृत्तपत्र कॅनडातून निघतं आणि सगळ्या देशांतल्या वसाहतींत वाचलं जातं. यात कुणी कुणाला श्रद्धा सोडायला सांगत नाही. बहुतेक लोक एका उडीत जगात येत नाहीत, ते जुन्या मंडळीतून थोड्या सैल मंडळीत, खेड्यातून नातेवाइकांच्या गावात, तिथून कारखान्यात असे पायरीपायरीने येतात. जिथे पायऱ्या असतात तिथे घराशी नातं पूर्ण तुटत नाही. म्हणून सरकारांनी पैसा खर्च करायचा तर अशा पायऱ्यांवर करावा: घरी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, आईच्या बोलीतून देशभाषा शिकवणारा वर्ग, विशीत पुन्हा शाळेत बसू इच्छिणाऱ्यासाठी जागा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९७२ रोजी ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या खटल्यात आमिश आणि आमिश-मेनोनाइट पालकांना मुलांची शाळा आठवीनंतर थांबवण्याची मुभा दिली. परंपरानिष्ठ समाजांच्या बाजूने हाच निकाल आजही पुढे केला जातो. त्यातला एक युक्तिवाद असा होता, की यातलं एखादं मूल पुढे बाहेर पडलंच तर त्याच्या अंगी कष्टाची सवय आणि कसब आहे, ते कुणावर भार होणार नाही. पण ती मुलं आठ वर्षं इंग्रजीत शिकलेली होती. बाराव्या वर्षी, देशभाषेचं एक अक्षर न शिकता शाळा संपवणाऱ्या बोलिव्हियातल्या मुलीला हा युक्तिवाद लागू करणं चूक आहे. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवताना विचारलं होतं, की आईबापांची श्रद्धा आपण ऐकली, मुलांना काय हवं ते कोण विचारणार? त्या खटल्यात चौदा-पंधरा वर्षांच्या तीन मुलांच्या शाळेचा प्रश्न होता. साक्षीला उभी राहिली ती त्यांतली एकच मुलगी, आणि तिने आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडाने सांगितली. उरलेल्या दोघांना न्यायालयात कुणी काही विचारलं नाही.